फुकटच्या चार रात्री आणि ‘हेल लेट लूज’: नेम सोडून काय काय तपासायचं

‘हेल लेट लूज’ हा गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, अधूनमधून चार दिवस फुकट खेळायला ठेवतात. दर वेळी आमच्या ग्रुपवरचे दोघं-तिघं तो घाईघाईनं उतरवून घेतात. शुक्रवारी रात्री तासभर धावतात, गोळी कुठून आली ते न कळता मरतात, पुन्हा धावतात, पुन्हा मरतात. शनिवारी सकाळी मेसेज हजर: “भावा, हा काय गेम आहे? नुसतं चालायचं!” पहिला तास खरंच चालण्याचा असतो, त्यामुळे मी वाद घालत नाही. पण फुकटचे दिवस ते ज्या गोष्टीवर घालवतात, म्हणजे आपला नेम लागतो का हे बघण्यावर, ती या गेममध्ये सगळ्यात शेवटी येते.

मी कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. वय छत्तीस. हात आता कॉलेजच्या पोरांसारखे चालत नाहीत, आणि ज्या गेममध्ये अर्ध्या सेकंदात कोण आधी क्लिक करतो यावर सगळं ठरतं त्यात पोरं मला हसत हसत मारतात. या गेममध्ये तसं होत नाही. म्हणून पुढच्या फ्री वीकेंडला तुम्ही बसणार असाल तर ते दिवस कसे वापरावेत ते सांगतो. विकत घ्या असं सांगायला हे लिहीत नाही. घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्हाला चार दिवसांत कळावं एवढाच हेतू.

आधी गेम काय आहे ते थोडक्यात. दुसरं महायुद्ध, एका बाजूला पन्नास माणसं, दुसऱ्या बाजूला पन्नास. सगळी खरी माणसं, कॉम्प्युटरचा बॉट एकही नाही. ब्लॅक मॅटर या ऑस्ट्रेलियन स्टुडिओनं तो बनवायला घेतला. नॉर्मंडीच्या चढाईला 75 वर्षं झाली त्या दिवशी, 6 जून 2019 ला, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि 27 जुलै 2021 ला पूर्ण स्वरूपात निघाला. ‘वॉरफेअर’ नावाच्या मुख्य प्रकारात मैदानाचे पाच पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यात एक ठाणं. सुरुवातीला दोन-दोन ठाणी दोघांची, मधलं कुणाचंच नाही. पाचही घेतली तर तिथंच जिंकलात, नाहीतर दीड तासानं ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. दीड तास हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

गुरुवारच्या आधी

स्टीमचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला बदलतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. फ्री वीकेंड बहुतेक वेळा गुरुवारी या वेळेला सुरू होतो आणि रविवारी किंवा सोमवारी याच वेळेला संपतो. नेमकं कधी संपणार ते गेमच्या स्टोअर पानावर लिहिलेलं असतं, तेवढं आधी वाचा. सोमवारची रात्र धरून बसलात आणि मुदत रविवारचीच निघाली, तर हळहळायची वेळ येते.

गेम मोठा आहे. स्टोअर पानावर लागणारी जागा बघा आणि त्याहून बरीच जास्त मोकळी ठेवा. एसएसडी असेल तर त्यावरच घाला. जुन्या हार्डडिस्कवर मैदान उघडायला इतका वेळ लागतो की तोवर स्क्वॉडमधल्या, म्हणजे छोट्या तुकडीतल्या, चांगल्या जागा भरून जातात. रॅमची किमान अट 12 जीबीची आहे, म्हणजे 8 जीबीवाल्यांनी उगाच रात्र जाळू नये. 16 असेल तर सुखात चालतो. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर सावल्या आणि इफेक्ट कमी करा, मोशन ब्लर बंद करा, आणि दिसायला थोडं फिकं वाटलं तरी चालवून घ्या. या गेममध्ये माणूस दिसतो तो दोनशे मीटरवरच्या कुंपणातला हलणारा ठिपका म्हणून. चित्र अडखळलं तर तो ठिपका हुकतो. सावली सुंदर नसली म्हणून काही बिघडत नाही.

मित्राच्या मशीनवर गेम आधीच असेल तर त्याला लॅपटॉप घेऊन घरी बोलवा. 2023 पासून स्टीममध्ये एकाच घरच्या नेटवर्कवर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर फायली नेता येतात, इंटरनेटचा डेटा खर्च न करता. सेटिंग्जमध्ये डाउनलोडच्या भागात ती सोय आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर दिवस काढणाऱ्यांसाठी तर ही सोय सोन्यासारखी. खेळताना डेटा फारसा जात नाही, जातो तो उतरवताना. पण खेळायला शक्यतो केबल लावा. वाय-फाय घ्यायचंच तर राउटर त्याच खोलीत असू दे.

आणि यूपीएस. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी एकदा वीज डोळा मारतेच. बाकीच्या गेममध्ये पाच मिनिटं गेली तर गेली. इथं तासभर बांधलेली फळी तुमच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि परत येईपर्यंत सर्व्हर भरलेला असतो.

कोणता सर्व्हर, किती वाजता

सर्व्हरची यादी पिंगप्रमाणे, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांप्रमाणे, लावा. आपल्याकडून सिंगापूर जवळ, युरोप लांब. शंभराच्या आत पिंग मिळाला तर उत्तम. दीडशेपर्यंतही हा गेम खेळता येतो, कारण इथं समोरासमोर उड्या मारत गोळ्या घालण्याचे प्रसंग कमी. दोनशेच्या वर मात्र स्वतःवर अन्याय करू नका, त्या पिंगवर गेमबद्दल जे मत बनेल ते गेमचं नसेल.

पण नुसता पिंग बघून भागत नाही. शंभर जागांच्या सर्व्हरवर सत्तर-ऐंशी माणसं नसतील तर मैदान ओसाड वाटतं. इथं घड्याळ बघायला लागतं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे तिकडं जेवणं उरकून लोक बसतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा-साडेसहा. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं, म्हणजे तिकडची भरगच्च वेळ आपल्या रात्री साडेदहा-अकरानंतर सुरू होते आणि मध्यरात्रीनंतरही चालते. पहिली पाळी असणाऱ्यांनी संध्याकाळी पूर्वेकडं बघावं, रात्री जागणाऱ्यांनी पश्चिमेकडं. माझा मामेभाऊ श्टुटगार्टला असतो. त्याचं जेवण झालं की माझी झोपायची वेळ झालेली असते, तरी आमची गाठ जास्त करून याच गेममध्ये पडते. दिवाळीच्या फोनपेक्षा इथं जास्त बोलणं होतं म्हटलं तरी चालेल.

फ्री वीकेंडची एक गोची आहे. त्या दिवसांत सर्व्हर नवख्यांनी भरलेले असतात. स्क्वॉडचा ऑफिसर, म्हणजे तुकडीचा म्होरक्या, मुका, शेजारचा रणगाडा झाडावर चढवतोय, आणि सगळ्या बाजूचा प्रमुख असलेल्या कमांडरच्या खुर्चीत कुणीच नाही. एरवी गेम असा नसतो. म्हणून पहिल्या सामन्यावरून मत बनवू नका. जुन्या खेळाडूंचे गट स्वतःचे सर्व्हर चालवतात, त्यांच्या नावातच बहुधा नव्यांचं स्वागत आहे की नाही ते लिहिलेलं असतं. तिथले नियमही असतात, त्यातला सगळीकडे दिसणारा म्हणजे माइक नसलेल्यानं ऑफिसर व्हायचं नाही. ते नियम वाचा. नाहीतर बाहेर काढतात आणि कारणही सांगत बसत नाहीत.

तोंड उघडणं

आता मुख्य मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

मामेभावानं मला पहिल्यांदा सांगितलेलं वाक्य होतं, “दादा, बंदुकीचं सोड, आधी तोंड उघड.” या गेममध्ये कुणी कुणाला मारलं याची पट्टी पडद्यावर सरकत नाही. तुमची गोळी लागली की नाही याची खूणही उमटत नाही. शत्रू कुठं आहे हे नकाशावर आपोआप येत नाही. ते कुणीतरी पाहतो आणि सांगतो, म्हणून इतरांना कळतं. बोलणाऱ्याशिवाय पन्नास माणसं आंधळी.

बोलण्याचे मार्ग तीन. एक जवळच्या माणसांसाठी: तुमच्या आसपास उभा असलेला कुणीही आपल्या बाजूचा ते ऐकतो, मग तो कुठल्याही स्क्वॉडचा असो. दुसरा तुमच्या स्क्वॉडसाठी. तिसरा फक्त ऑफिसर आणि कमांडरसाठी. सामना सुरू व्हायच्या आधी सेटिंग्जमध्ये जाऊन कोणतं बटण कशाचं ते बघून घ्या आणि आवाजाची पातळी तिन्हींची वेगवेगळी लावा. स्क्वॉडचा आवाज सगळ्यात मोठा, जवळच्यांचा मध्यम. बटण दाबल्यावरच माइक चालू होतो, त्यामुळे घरातली कुकरची शिट्टी जर्मनीपर्यंत जाईल ही भीती नको. बटण दाबलेलं असताना मात्र डोक्यावरचा पंखा कमी करा, त्याचा घरघराट फार येतो. महागडा हेडसेट लागत नाही, मोबाइलचा माइकवाला इअरफोन पुरतो. पण स्पीकरवर खेळू नका. पावलं डावीकडून आली की उजवीकडून, हे कळलं नाही तर अर्धा गेम ऐकूच येत नाही.

इंग्रजीची धास्ती बऱ्याच जणांना असते. मला होती म्हणा किंवा नव्हती म्हणा, तिचा इथं उपयोग नाही, कारण लागणारे शब्द वीस-पंचवीस. पडद्यावर होकायंत्राचे अंश दिसतात. ते वाचायचे आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय, कुठल्या दिशेला, कशाच्या आड. “इन्फंट्री, टू फोर झिरो, बिहाइंड हेज.” झालं. समोर पोलंडचा, जर्मनीचा, मलेशियाचा माणूस असतो, त्याचंही इंग्रजी शाळेतलंच. व्याकरण कुणी तपासत नाही. उलट लांबण लावणाऱ्याला गप्प बसवतात. नकाशावर किंवा समोर बघून खूणही टाकता येते. ती टाका आणि वर एक वाक्य बोला.

पहिल्या रात्रीची परीक्षा अशी घ्या. सामन्यात शिरल्यावर स्क्वॉडची यादी दिसते आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्याची लेव्हल असते. ज्या स्क्वॉडच्या ऑफिसरची लेव्हल चांगली वर आहे तो निवडा. आत गेल्यावर म्हणा, “न्यू प्लेअर, फ्री वीकेंड, टेल मी व्हॉट टू डू.” तो बोलला तर त्याच्या मागं राहा. दोन-तीन मिनिटांत काहीच उत्तर आलं नाही तर स्क्वॉड सोडा, दुसरा धरा. यात उद्धटपणा काही नाही. चार दिवसांत मुक्या माणसाजवळ थांबायला तुमच्याकडे वेळ नाही.

पहिली रात्र चालण्याची, दुसरी पोती वाहण्याची

मुख्य मेनूत सरावाचं मैदान आहे. तिथं अर्धा तास द्या, फार नको. एम वन गॅरंड आणि कार 98 के या दोन रायफली चालवून बघा. दोन्हींत फरक मोठा: गॅरंड आठ गोळ्या सलग मारते, कार 98 के प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायला लावते. पट्टी बांधायची कशी, कुंपणावरून चढायचं कसं, वाकून डोकवायचं कसं, एवढं हाताला बसलं की बाहेर पडा.

मग खऱ्या सामन्यात, आणि पहिल्या सामन्यात एकही माणूस मारायचा प्रयत्न करू नका. हे ऐकून आमच्या ग्रुपवरचे हसतात, हसू द्या. ऑफिसरच्या मागं चाला, तो झोपला की झोपा, आणि दर अर्ध्या मिनिटाला नकाशा उघडा. आपल्या स्क्वॉडची माणसं हिरव्या रंगात, आपल्या बाजूची बाकीची निळ्या रंगात. आपल्याच माणसाला गोळी लागते आणि तो मरतो, ही सोय बंद करता येत नाही. पहिल्या दिवशी शेतातून पळणारा राखाडी-हिरवा माणूस आपला की परका हे कपड्यांवरून कळत नाही, म्हणून आधी नकाशा, मग गोळी. संशय असेल तर सोडून द्या.

मरणार तुम्ही आहातच. एक गोळी बहुतेक वेळा पुरते. खाली पडल्यावर मेडिक जवळ असेल तर थांबा, नसेल तर नाद सोडून पुन्हा उतरा. आणि इथून गेमचा खरा कणा सुरू होतो, कारण पुन्हा उतरायचं कुठं?

उतरायच्या जागा तीन प्रकारच्या. मागचं मुख्यालय कायमचं आहे, पण तिथून ठाण्यापर्यंत पायी यायचं म्हणजे एक किलोमीटरच्या आसपास तंगडतोड. स्क्वॉडपुरती असते ती आउटपोस्ट. आणि पन्नासच्या पन्नास माणसांना उतरता येतं ते गॅरिसन. गॅरिसन ऑफिसर किंवा कमांडर बांधतो. आपल्या हद्दीत त्याला 50 सप्लाय, म्हणजे बांधायचं सामान, लागतात, शत्रूच्या हद्दीत 100. दोन गॅरिसनमध्ये 200 मीटर अंतर हवं आणि एका बाजूला एकूण आठच ठेवता येतात. शत्रू जवळ आला की ते बंद पडतं, हाताशी आला की मोडून टाकतो. ज्या ग्रुपवरच्या पोरांनी “नुसतं चालायचं” असा मेसेज टाकला, त्यांच्या सामन्यात गॅरिसन कुणी बांधलंच नव्हतं एवढाच त्याचा अर्थ.

आता हे 50 सप्लाय येतात कुठून? ट्रकमधून येतात, कमांडर विमानातून टाकतो, आणि सगळ्यात साधं म्हणजे ‘सपोर्ट’ हा रोल घेतलेला माणूस पाठीवरून खोकं आणून ठेवतो. एका खोक्यात बरोबर 50. म्हणजे एक ऑफिसर आणि एक सपोर्ट बरोबर असले की एक गॅरिसन उभं राहतं. म्हणून दुसऱ्या रात्री सपोर्ट घ्या. नेम लागत नसला तरी चालतो, हात चपळ नसले तरी चालतात. ऑफिसरला सांगायचं, “सप्लाइज रेडी.” त्याला इतका आनंद होतो की विचारू नका. फाउंड्रीत नव्या पोराला पहिल्या दिवशी भट्टीवर उभं करत नाहीत, आधी वाळू कुठं आणि साचे कुठं ते दाखवतात. इथं वाळू म्हणजे सप्लाय.

सपोर्ट म्हणून एक अख्खा सामना घालवला की गेमबद्दल तुमचं मत ठरायला लागतं. कुंपणाआड खोकं ठेवलं, ऑफिसरनं गॅरिसन बांधलं, आणि दहा मिनिटांनी त्यातून एकेक करत वीस-पंचवीस माणसं निघून ठाण्याकडं पळायला लागली. त्यांतल्या कुणालाही खोकं कुणी आणलं ते माहीत नाही. हे बघून तुम्हाला बरं वाटलं, तर गेम तुमचा आहे. “पण मी किती मारले?” असा प्रश्न मनात आला, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. पैसे वाचले.

काय घेऊ नये

स्नायपर घेऊ नका. दोघांच्या तुकडीत ती एकच दुर्बिणीची रायफल असते आणि त्या तुकडीचं खरं काम शत्रूच्या मागं जाऊन त्यांची गॅरिसनं मोडण्याचं. टेकडीवर पडून ठिपके मारत बसलेला नवखा स्नायपर म्हणजे पन्नासातला एक माणूस वजा. मागच्या तोफांवर बसणं तसंच. नकाशावर खुणा टाकणारं कुणी नसेल तर तुम्ही शेतं नांगरताय.

रणगाडा मात्र ओळखीचं माणूस बरोबर असेल तर जरूर अनुभवा. तिघांचा गट असतो: कमांडर, गनर, ड्रायव्हर. तुम्ही ड्रायव्हर व्हा. तुम्हाला छोट्या फटीतून रस्त्याचा तुकडा दिसतो, कानात वरून आवाज येतो, “थोडं मागं, डावीकडं, थांब.” आपली मराठी माणसं तिघं मिळाली तर याच्याइतकी मजा दुसरी नाही. “घे की भावा रिव्हर्स” हे वाक्य आर्देनच्या बर्फात ऐकायला मिळतं.

ऑफिसर होऊ का, असंही विचारतात. फुकटच्या दिवसांत नको, असं माझं मत. फक्त एक अपवाद: तुमचा स्क्वॉड बिनऑफिसरचा असेल आणि तुमच्याकडे माइक असेल. तेव्हा घ्या, “आय ॲम न्यू, बट आय विल बिल्ड गॅरिसन्स” एवढं सांगा, आणि तेवढंच करा. जागा कशी निवडायची? ठाण्यापासून दीड-दोनशे मीटर मागं, कुंपणाच्या किंवा घराच्या आड, आणि रस्त्यालगत नको, कारण रस्त्यानं रणगाडे येतात. बचावाचं एक गॅरिसन ठाण्याच्या मागं आधी, चढाईचं नंतर. जुने खेळाडूसुद्धा उलट करतात आणि मग ठाणं जातं.

मैदानांबद्दल

मैदानं खरी आहेत. सेंत-मारी-दु-मों, कारांतां, फुआ, ह्युर्टगेनचं जंगल, कुर्स्क, स्टालिनग्राड. जुनी हवाई छायाचित्रं आणि उपग्रहाची चित्रं बघून ती आखलीत. पहिल्यांदा सेंत-मारी-दु-मों मिळालं तर उत्तम. कुंपणांची शेतं, मधे गाव, गावात चर्च. आड लपायला जागा भरपूर. फुआ हे बास्तोन्यजवळचं बर्फातलं गाव, तिथं उघड्यावरून पळणारा काळा ठिपका अर्ध्या मैदानाला दिसतो. ह्युर्टगेन नवख्याला रडवतं: झाडी, धुकं, ओल्या मातीचा रंग, आणि गोळ्या कुठून येतात ते कळत नाही. ते लागलं तर सामना सोडून दुसरा सर्व्हर शोधा असं मी म्हणेन. जवळून गोळी गेली की पडदा धूसर होतो, पात्राचा श्वास वाढतो, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचाही वाढतो. रात्री दीड वाजता हेडफोनमध्ये तोफांचा मारा ऐकणं हे सगळ्यांना मानवेलच असं नाही. आमच्या घरात मला “आता बास, झोपा” असं ऐकायला मिळतं ते माझा चेहरा बघून.

एक खंत मात्र राहते. मी खेळतो त्या कुठल्याच मैदानात मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून उतरता येत नाही. इटलीच्या आघाडीवर 10 जुलै 1944 ला नाईक यशवंत घाडगे आणि 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडगेंना तर मरणोत्तर. घाडगे माणगावकडचे, जाधव नगर जिल्ह्यातले. जाधवांनी गोळीबारात जखमी सोबत्यांना एकेक करून नदीपार, सुरुंगाच्या पट्ट्यातून मागं आणलं आणि मग परत जाऊन मशीनगनची ठाणी उडवली. मेडिकचा रोल घेऊन वीस मीटर पळताना मी तीनदा झोपतो, तेव्हा त्यांची आठवण होते. एल अलामेनचं मैदान आहे, पण तिथंही तुम्ही ब्रिटिशच.

घ्यायचा का

फ्री वीकेंडच्या जोडीला बहुतेक वेळा गेमवर सवलत असते आणि ती फुकटच्या दिवसांच्या आसपासच संपते. घाबरून घेऊ नका. हा गेम वर्षातून बरेचदा सवलतीत येतो, स्टीमडीबी या किमतींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर रुपयातल्या किमतीचा आलेख बघितला की कळतं. कुणी म्हणेल, आधी विकत घेऊ, नाही आवडला तर परत करू, स्टीम दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत देतं. बाकी गेमना ते ठीक. इथं मात्र एक सामनाच दीड तासाचा. दोन तासांत तुम्ही एक सामना हरता आणि दुसऱ्यात स्क्वॉड शोधता. त्यातून काय कळणार? म्हणून फुकटचे चार दिवस या गेमला जास्त लागू पडतात.

रविवारी रात्री स्वतःला विचारायचे प्रश्न माझ्या मते असे. नोकरी, घर सांभाळून आठवड्यातून एकदा तरी सलग दोन तास कुणी न उठवता बसता येतं का? येत नसेल तर गेम कितीही आवडो, तो कपाटातच राहील. लहान मूल असणाऱ्यांनी तर हे आधी ठरवावं, इथं मधेच थांबवायचं बटण नाही. पिंग संध्याकाळी ठीक येतो का, की फक्त पहाटे? बरोबर खेळायला एक तरी माणूस आहे का? एकटा माणूसही खेळतो, मी पुष्कळदा एकटाच असतो, पण तेव्हा अनोळख्या माणसाशी बोलायची तयारी लागते. ती नसेल तर हा गेम फार लवकर कंटाळवाणा होतो.

मुदत संपली की गेम उघडत नाही, पण फायली डिस्कवर तशाच राहतात. त्या आपोआप जात नाहीत. पुढच्या सवलतीत घ्यायचा विचार असेल तर राहू द्या, पुन्हा सगळं उतरवायला लागणार नाही, फक्त मधले अपडेट येतील. नसेल घ्यायचा तर लायब्ररीत नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा. आमच्या ग्रुपवरच्या एकाचा लॅपटॉप हळू चालतो म्हणून तो दुकानात घेऊन निघाला होता. आत तीन फ्री वीकेंडचे गेम निघाले.